वेगळं राहण्याचा अर्ज

"मारतात?"

"नाही."

"दारू?"

"लग्नाच्या पंगतीतसुद्धा घेत नाही."

"दुसरी बाई वगैरे?"

"नाही हो."

वसुधा कारखानीसांनी पेन खाली ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ठाण्याच्या कोर्टामागच्या गल्लीत एका झेरॉक्सच्या दुकानावर त्यांचं ऑफिस होतं. खालच्या मशीनची घरघर टेबलापर्यंत जाणवत होती.

"मग रेजिनाबाई, त्यांनी केलंय तरी काय?"

"देवावर विश्वास ठेवलाय," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि थांबल्या. असल्या रडण्याची त्यांना सवय असणार. डोळे पुसून मी सांगायला लागले.

आम्ही वसईचे. माझा नवरा एलायस रुमाव, त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. आजूबाजूच्या केळीच्या वाड्यांतल्या विहिरींवरचे जळलेले पंप त्याच्याकडे यायचे. तांब्याची केसासारखी तार बोटांनी गुंडाळत तो तासन् तास बसायचा, कधी वैतागायचा नाही. मी घरी लग्नाचे गाऊन शिवायची. प्रिस्का आमची एकुलती एक मुलगी. पाच वर्षांची असताना ती अचानक वाळायला लागली. तांबेच्या तांबे पाणी प्यायची, झोपेत अंथरूण ओलं करायची. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, लहान मुलांचा डायबिटीस आहे, गोळीने भागणार नाही, इन्सुलिनचं इंजेक्शन सकाळ-संध्याकाळ, जन्मभर.

सुई हातात घेतली की माझे हात लटपटायचे. एलायसने आधी स्वतःच्या मांडीत टोचून पाहिलं आणि मग तिला दिलं. पहिलं वर्षभर रोज त्यानेच दिलं, मी एखाद-दोनदाच. "पप्पाचं दुखत नाही, मम्मीचं दुखतं," असं प्रिस्का सगळ्यांना सांगायची. साखर वाढली तर काय करायचं, अचानक उतरली तर काय करायचं, हे डॉक्टरांनी एकदा सांगितलं आणि त्याला ते पाठ झालं. ती झोपली की तो तिच्या उशाशी बसून राहायचा. एकदा म्हणाला, "रेजी, मी हिला रोज भोकं पाडतोय. बाप असून." मी ते बोलणं मनावर घेतलं नाही.

मग कोणा गिऱ्हाइकाबरोबर तो एका प्रार्थना मंडळात गेला. आमच्या चर्चशी त्या मंडळाचा काही संबंध नव्हता. एका गोडाऊनमध्ये पंखे लावून माणसं बसायची. तिथले ब्रदर सॅम्सन डोक्यावर हात ठेवायचे, माणसं आडवी व्हायची, रडायची, बरी झालो म्हणून सांगायची. एलायस आला तो निराळाच होऊन. चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी उजेड. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग उपास सुरू झाले. मग औषध म्हणजे देवावरचा अविश्वास, असं तो बोलायला लागला. आमच्या फादरांनी त्याला बोलावून घेतलं, समजावलं. घरी येऊन म्हणाला, "फादरांचाही विश्वास कोमटच आहे."

ईस्टरआधीच्या उपवासकाळात मंडळाचं शिबिर होतं, डोंगरात कुठेतरी. प्रिस्काला घेऊन जातो म्हणाला. मी नको म्हटलं. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून मला वचन दिलं, एकही इंजेक्शन चुकणार नाही. मी थर्मासमध्ये बर्फ घालून इन्सुलिनची बाटली दिली.

तीन दिवसांनी तो तिला खांद्यावर टाकून रिक्षातून उतरला. तिच्या तोंडाला सडक्या फळाचा वास येत होता आणि धावून आल्यासारखा तिचा श्वास चालला होता. हाक मारली तर डोळा उघडत नव्हता. थर्मासमधली बाटली जशीच्या तशी भरलेली. हॉस्पिटलात तिला आत नेल्यावर मी त्याची कॉलर धरली. "चुकलं कसं रे? वचन दिलं होतंस ना?"

"चुकलं नाही," तो शांतपणे म्हणाला. "मी थांबवलं. ती बरी झालीये, रेजी. ही शेवटची परीक्षा आहे. ठाम राहा."

प्रिस्का वाचली. घरी आल्यावर फ्रिजची जबाबदारी मी घेतली, सुई मी घेतली, हात लटपटले तरी. तो काही बोलत नसे. एका सकाळी उठून पाहते तर फ्रिज सताड उघडा आणि तो मोरीपाशी उभा. बाटल्या एकेक करून मोरीत ओतत होता. आणि ओतताना हुंदके देऊन रडत होता. मला पाहून म्हणाला, "मला नाही करायचं गं हे. पण करावं लागतंय."

मी प्रिस्काला तसंच झोपेतून उचललं आणि अनवाणी माझ्या भावाकडे, पास्कोलकडे, गेले. तेव्हापासून तिथेच होते.

कारखानीसांनी सगळं ऐकून घेतलं. "ते हॉस्पिटलात जे बोलले ते डॉक्टरांनी ऐकलं का?"

"नाही. डॉक्टरांनी लिहिलंय, इंजेक्शन चुकलं."

"बाटल्या ओतताना कोणी पाहिलं?"

"मीच."

"म्हणजे तुमचा शब्द आणि त्यांचा शब्द." त्यांनी कपाळ चोळलं. "तरी क्रूरतेच्या कारणावर अर्ज करू. घटस्फोट मिळायला वेळ लागेल, पण—"

"घटस्फोट नको."

"धर्म आड येतो का? तुमच्यात आता कायद्याने मिळतो."

"धर्म आहेच. पण तेवढंच नाही." मला नीट सांगता येईना. "बाई, त्याला काहीतरी झालंय. ताप आलेल्या माणसासारखं. ताप आला म्हणून नवरा टाकतात का? मला फक्त त्याच्यात आणि पोरीत एक भिंत हवीय. पक्की. त्याला ओलांडता येणार नाही अशी."

त्यांनी पेन पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाल्या, "तशी सोय आहे कायद्यात. ज्युडिशियल सेपरेशन. लग्न राहतं, पण एकत्र राहण्याची सक्ती राहत नाही. मुलीचा ताबा त्याच अर्जात मागता येतो. मात्र दुसरं लग्न करता येणार नाही. तुम्हालाही नाही, त्यांनाही नाही."

"मला नकोच आहे."

"आज नकोय. तुम्ही तिशीच्या आहात. पुढे कधी वाटलं तर?"

"पुढे माझी पोर जिवंत असली म्हणजे झालं."

अर्ज दाखल करायच्या आधी मी फादरांकडे गेले. ते बागेत झाडांना पाणी घालत होते. मी वेगळं राहण्याचं सांगितलं आणि विचारलं, "चालेल ना, फादर?"

त्यांनी नळ बंद केला. "माझी परवानगी मागायला आलीस?"

"हो."

"पोर मरायला टेकली होती आणि तू परवानग्या मागत फिरतेस?" ते रागावले की काय मला कळेना. मग त्यांचाच आवाज बसला. "जीव धोक्यात असेल तर वेगळं राहायला चर्च कधीच ना म्हणत नाही. जा. आणि त्याच्यासाठी प्रार्थना मी करतो, तुला आत्ता जमणार नाही."

खरंच जमत नव्हती. भावाच्या घरी आम्ही मागच्या खोलीत राहत होतो. वहिनी चांगली होती, पण तिच्या फ्रिजमधल्या दुधाशेजारी माझ्या बाटल्या. फ्रिज उघडल्याचा आवाज आला की मी शिलाई टाकून धावत जायची. पाहुणे आले की बाटल्या कमरेला बांधायची. प्रिस्काला मी सांगितलं होतं, पप्पाला काम आहे. ती विचारायची, "पप्पाला सांग ना, इंजेक्शन द्यायला तरी ये." मी तोंड फिरवून घ्यायची.

एलायसने अर्जाला विरोध केला. त्याच्यातर्फे डिकुन्हा वकील उभे राहिले, मंडळातल्या लोकांनीच ते गाठून दिले असं ऐकलं. त्यांचं म्हणणं, बाप प्रेमळ आहे, इंजेक्शन द्यायला तोच शिकला, शिबिरात गर्दीत एखाद-दुसरं चुकलं असेल, आई कांगावा करते. आणि मागणी काय, तर दर शनिवारी मुलगी बापाकडे यावी, रविवारी संध्याकाळी परत.

ते वाचून मी कारखानीसांना फोन केला. "शनिवार ते रविवार म्हणजे इंजेक्शनच्या किती वेळा, तुम्हीच बघा. त्यातली एकसुद्धा—"

"कळतं मला," त्या म्हणाल्या. "पण न्यायाधीशांसमोर काय आहे? न मारणारा, न पिणारा, कमावता बाप. चर्चला जाणारा. असा बाप मुलगी मागतो तेव्हा कोर्ट सहसा नाही म्हणत नाही. तुम्ही मनाची तयारी ठेवा."

मी मनाची तयारी केली, पण त्यांना वाटली तशी नाही. निकाल विरुद्ध गेला तर प्रिस्काला घेऊन कुठेतरी निघून जायचं. कुठे ते माहीत नव्हतं. बॅगेत दोघींचे कपडे आणि बाटल्यांसाठी दोन थर्मास भरून ठेवले होते. पास्कोललाही सांगितलं नव्हतं.

एलायसच्या साक्षीचा दिवस आला. न्यायाधीश मुलीशी बोलू म्हणाले होते, म्हणून प्रिस्कालाही नेलं होतं. पास्कोलला रजा मिळाली नाही. सकाळी तिला इंजेक्शन देऊन, भाकरी खायला घालून आम्ही एसटीने निघालो. आमची केस लवकर निघेल असं वाटलं होतं. दुपार उलटली तरी पुकारा होईना. प्रिस्काला थरथरायला लागलं तेव्हा पर्समधली ग्लुकोजची पुडी दिली. नंतर डबा उघडला, पण तिने दोन घास खाऊन ढकलून दिला. समोरच्या बाकावर तिचा बाप बसला होता. ती त्याच्याकडे बघून हसत होती, आणि तो मान खाली घालून बसला होता. इतका वाळला होता की शर्ट दुसऱ्याचा वाटत होता.

पुकारा झाला. प्रिस्काला कारखानीसांच्या ज्युनिअर मुलीजवळ बसवून मी आत गेले.

कारखानीसांनी त्याला उलटसुलट प्रश्न विचारले. तो आवाज न चढवता उत्तरं देत होता. प्रार्थना करता? हो. मंडळात जाता? हो. मुलगी बेशुद्ध झाली होती? हो. तुम्ही इंजेक्शन बंद केलं होतं म्हणून? डिकुन्हा उठून हरकत घेत होते, कागदावर चुकलं असं आहे, बंद केलं असं कुठेही नाही. एलायस म्हणाला, "जे कागदावर आहे ते आहे." मी बाकाची कड घट्ट धरली. मोरीतल्या बाटल्यांचा प्रश्न आला तर तो गप्प राहिला, आणि त्याचं गप्प राहणंही बायकोच्या कांगाव्यापुढचा समजूतदारपणा वाटत होतं. न्यायाधीश वयस्क होते, थकलेले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मला कळून चुकलं की आपण हरलो.

मग डिकुन्हा उठले. त्यांचा एकच प्रश्न उरला होता, आणि तो त्यांनी आधी घोकून घेतला असणार, कारण विचारताना ते जवळजवळ हसत होते. "मुलगी तुमच्याकडे असेल तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे तुम्ही तिला इंजेक्शन द्याल ना?"

एलायसने तोंड उघडलं. त्याचे ओठ 'हो'साठी गोल झालेले मला दिसले. मग ते मिटले.

"मिस्टर रुमाव?" डिकुन्हा म्हणाले.

तो स्वतःच्या हातांकडे बघत होता.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "साधा प्रश्न आहे. शनिवारी संध्याकाळी मुलगी तुमच्या घरी आहे. इंजेक्शनची वेळ झाली. देणार की नाही?"

"नाही," एलायस म्हणाला.

टाइप करणारी बाई थांबली.

"तुम्ही प्रश्न नीट ऐका—" डिकुन्हा घाईने म्हणाले.

"ऐकला. नाही देणार. माझ्या घरात तिचं औषध राहणार नाही, साहेब."

"याचा अर्थ काय होतो, कळतंय तुम्हाला?"

"कळतंय."

"लिहून घ्या," न्यायाधीश म्हणाले, आणि मशीन पुन्हा कडकड वाजायला लागलं. अंतिम निकाल पुढच्या तारखेला ठेवला, पण मुलीच्या ताब्याचा हुकूम त्यांनी तिथेच सांगितला. मुलगी आईकडे. बापाने आईच्या समोरच भेटायचं, घरी न्यायचं नाही. प्रिस्काला आत बोलवायचीसुद्धा गरज पडली नाही.

बाहेर आल्यावर कारखानीसांनी माझा हात दाबला. "त्यांनीच आपली केस जिंकून दिली. मी असं कधी पाहिलं नाही."

मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या अंगात नुसती आग पेटली होती. त्या क्षणाइतका मी त्याचा कधीच द्वेष केला नव्हता. एक शब्द. खोटा का होईना, पोरीसाठी एक 'हो' त्याच्या तोंडून निघाला नाही. त्याचा देव पोरीपेक्षा मोठा ठरला, तेही सगळ्यांच्या देखत. ती हसत होती त्याच्याकडे बघून, आणि तो तिला मरू द्यायला तयार होता.

वसईला जायची गाडी लागलीच होती. आम्ही दोघी पुढच्या बाजूला बसलो. गाडी सुटता सुटता एलायस चढला. तोही वसईलाच जाणार होता, जाणार कुठे दुसरीकडे! माझ्याकडे न बघता तो मागे जाऊन बसला. प्रिस्काने मान वळवून त्याला हात केला. मी तिचं तोंड पुढे फिरवलं.

घोडबंदर रस्त्यावर गायमुखला गाडी अडकली. चढणीवर ट्रक बंद पडला होता म्हणे. पुढेमागे नुसते ट्रक आणि टेम्पो, धूर, उकाडा. प्रिस्काने डोकं माझ्या खांद्यावर टाकलं होतं. दमून झोपली असेल असं मला वाटलं. मग तिची मान घरंगळली. हात लावून पाहिलं तर ती घामाने निथळत होती आणि अंग गार.

"प्रिसू! प्रिसू, बघ माझ्याकडे!"

ती काहीतरी पुटपुटली, शब्द लागेना. साखर उतरली होती. पर्स उलटी केली. पुडी मघाशीच संपलेली. डब्यातली भाकरी तोंडाशी धरली, पण तिचे दात मिटलेले. बिस्किट चुरून भरवायला गेले, ते ओठांवरून सांडलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, फिट आली, कांदा हुंगवा. कोणी म्हणालं, वारा घाला. कोणाकडे गोड काही आहे का, मी ओरडत होते, पण मला वाटतं शब्दच फुटत नव्हते. मग एक शब्द फुटला.

"एलायस!"

तो आधीच उठला होता. माणसं बाजूला सारत आला. "साखर?"

"संपली. संपली रे!"

त्याने तिला माझ्या मांडीवरून उचललं. कंडक्टरने दार उघडलं, आणि तो उतरून उभ्या गाड्यांच्या मधून धावायला लागला. मी मागे. पुढे रस्त्याकडेला चहाची टपरी होती. त्याने टपरीवाल्याला काही विचारलंसुद्धा नाही. साखरेचा डबा ओढला, मूठभर साखर घेतली, पाण्याचे थेंब शिंपडून बोटाने कालवली. बाकावर बसून प्रिस्काला कुशीवर धरलं, तिच्या गालाच्या आत बोट घालून हिरड्यांना साखर चोळायला लागला. थोडी थोडी. घशात न जाईल अशी. डॉक्टरांनी सांगितली होती अगदी तशी.

मी त्याच्या ओठांकडे बघत होते. ते हलत होते. प्रार्थना असेल असं मला वाटलं, पण ती प्रार्थना नव्हती. "प्रिसू, पप्पा आहे. प्रिसू, पप्पा आहे," एवढंच तो म्हणत होता.

किती वेळ गेला सांगता येत नाही. तिच्या जिभेने त्याचं बोट चाटलं. मग तिने आवंढा गिळला. डोळे उघडून म्हणाली, "गोड आहे." टपरीवाल्याने बशीत दाट गोड चहा ओतून दिला, आणि ती त्याच्या हातून घोट घोट प्यायली.

मी तिथेच रस्त्याकडेला खाली बसले. समोर माझा नवरा माझ्या पोरीला चहा पाजत होता, जुन्या दिवसांसारखा, तसाच, त्याच हातांनी. मला वाटलं, ताप उतरला.

"एलायस," मी म्हणाले. "घरी चल."

त्याने वर पाहिलं नाही.

"मी केस मागे घेते. उद्याच कारखानीस बाईंना सांगते. आपण तिघं घरी जाऊ. झालं ते झालं. बघ, तू वाचवलंस तिला. तूच!"

"घेऊ नकोस मागे."

"अरे, पण—"

"रेजी, ऐक." त्याने बशी खाली ठेवली. प्रिस्का त्याच्या छातीवर डोकं टेकून डोळे मिटून पडली होती. तिला ऐकू जाऊ नये इतक्या हळू तो बोलत होता. "आत्ता मला फक्त भीती वाटली. भीती वाटली की मी तिचा बाप असतो. पण उद्या सकाळी उठेन तेव्हा पुन्हा डोक्यात आवाज ऐकू येईल, मलाच म्हणेल, 'तुझा विश्वास कमी पडला, मध्येच साखर घातलीस, म्हणून ती बरी होत नाही.' मला खरंच ऐकू येतं, रेजी. ब्रदर बोलत नसतात तेव्हासुद्धा. मग मी फ्रिज उघडेन. मला माहीत आहे मी उघडेन."

मी जवळ सरकून प्रिस्काचा पाय धरला.

"कोर्टात मी 'हो'च म्हणणार होतो," तो म्हणाला. "वकिलांनी तसंच शिकवलं होतं. तोंडही उघडलं. मग वाटलं, हो म्हटलं तर साहेब मला तिला देतील. हुकूम आला की तुलाही पाठवावीच लागेल. आणि मग..." तो थांबला. त्याने तिच्या केसांतून हात फिरवला. "माझ्यापासून तिला वाचवायला मला दुसरं काही सुचलं नाही."

पुढे अडकलेला ट्रक बाजूला झाला असावा. हॉर्न वाजायला लागले. कंडक्टर खिडकीतून ओरडत होता, "ओ, चला! पोरगी बरी आहे ना? चला, गाडी सोडतोय!"

"डॉक्टरकडे चल," मी म्हणाले. "तुझ्यासाठी. फादर नेतील तुला, मी येते."

"औषध मी घेणार नाही. तेही माहीत आहे मला." मग त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "वेगळं कर. पण तोडू नकोस. तू तसाच अर्ज केलायस ना? वकील म्हणाले मला, बायकोने घटस्फोट मागितलेला नाही. मला तेवढं पुरलं."

निकाल महिन्याभराने लागला. वेगळं राहण्याचा हुकूम मिळाला, ताबा माझ्याकडे. फादरांनी एलायसला डॉक्टरकडे न्यायचे खूप प्रयत्न केले, तो बधला नाही. मंडळ पुढे मोडलं, ब्रदर सॅम्सन कुठे गेले कोणास ठाऊक. त्याच्या डोक्यातला आवाज मात्र मोडला नाही. रविवारी मिस्सा, म्हणजे सकाळची उपासना, झाल्यावर चर्चच्या आवारात माझ्यासमोर तो प्रिस्काला भेटायचा, आणि तिच्या इंजेक्शनची वेळ व्हायच्या आधी स्वतःच उठून निघून जायचा. असा हुकूम कोर्टात अर्ज करून रद्द करून घेता येतो, दोघं पुन्हा एकत्र राहू शकतात, असं कारखानीस बाईंनी मला सांगून ठेवलं होतं. मी कितीदा तरी विचार केला. तो कधी काही बोलला नाही, मीही गेले नाही. प्रिस्का आता नोकरी करते, स्वतःची सुई स्वतः टोचते. कागदोपत्री मी आजही रेजिना एलायस रुमाव आहे.

लोक विचारतात, इतकी वर्षं नुसतं अधांतरी का राहिलात, एक घाव दोन तुकडे करून टाकायचे. त्यांना मी काय सांगू? मला त्या गाडीतला परतीचा प्रवास आठवतो.

आम्ही परत चढलो तेव्हा आमच्या जागा गेल्या होत्या. कंडक्टरने तिघांच्या बाकावरच्या दोन माणसांना उठवलं. "फॅमिली आहे, बसू द्या एकत्र," तो म्हणाला. आम्ही बसलो. प्रिस्का आमच्यावर आडवी. डोकं त्याच्या मांडीवर, पाय माझ्या मांडीवर. वसईपर्यंत गाडी वळली की त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागायचा, आणि दोघांपैकी कोणीच बाजूला सरकत नव्हतं.

स्टँड आला. माणसं उठली. मी प्रिस्काला कडेवर घेतलं. तो उठला नाही.

"पप्पा, चल ना," ती झोपेत म्हणाली.

"तुम्ही व्हा पुढे," एलायस म्हणाला, आणि दोन्ही हातांनी पुढच्या बाकाची दांडी घट्ट धरून बसून राहिला.